दोन हॉटेलं आणि एक परवा

२ मे, मैलापूर
प्लॅन फायनल. मुलगा विजयेंद्र, सून सौम्या आणि नात जननी पंधरा तारखेला कॅनडाला चालले, कायमचे. त्याआधी ७ ते ११ आम्ही पाचही जण थीम पार्कला. दोन रात्री पार्कच्या गेटसमोरच्या हॉटेलात, नातीला पाळण्यांची हौस म्हणून. दोन रात्री समुद्रावरच्या रिसॉर्टला, सुनेला समुद्र आवडतो म्हणून. एकच हॉटेल घेतलं की कुणीतरी तोंड फुगवतं. दोन घेतली की तक्रारीला जागाच नाही. दुसरं हॉटेल सर्प्राइज, नाव कुणाला सांगायचं नाही.
कनका म्हणाली, अहो, मुलाकडे सिरुसेरीला जायचं म्हटलं की तुमची कंबर धरते, आणि पाळण्यात बसणार होय? बायकांना प्लॅनिंग कळत नाही.
संकल्प : चार दिवसांत जननीला दहा मराठी शब्द. पहिला 'आजोबा'. तमिळ 'ताता' बंद. ही वहीसुद्धा पुढे तीच वाचेल. सध्या घरात मराठी वाचणारा मी एकटाच. तेही आठवीनंतर आपलं आपण शिकलेलं; आमच्या पिढ्या तमिळनाडूतच गेल्या, शाळा तमिळ.

४ मे
विमानाची तारीख अलीकडे आली. आता १० ची पहाट. काही बिघडत नाही. पहिलं हॉटेल पाच जणांचं, दुसरं दोघांचं. सौम्याला समुद्र विमानातून दिसेल.

७ मे, दुपारी ३
चेक-इन. मनगटाला केशरी पट्ट्या मिळतात. पाच मागून घेतल्या. दोन बांधल्या, तीन खिशात. काउंटरवर विद्यालक्ष्मी म्हणून गोड मुलगी आहे. बाकीचे कुठे, म्हणाली. म्हटलं, वाटेत आहेत.

७ मे, संध्याकाळी ६
विजयेंद्रचा फोन. पॅकिंग आहे, फ्लॅटच्या किल्ल्या द्यायच्यात, राहायला जमणार नाही. मी म्हटलं, राहू नकोस, पण पोरीला घेऊन उभ्या उभ्या तरी येशील की नाही? तर म्हणाला, "अप्पा, परवा..." आणि लाइन कट.
परवाइल्लै. पुढचं ऐकायची गरज नाही. मी मराठीत विचारायचं, त्याने तमिळमध्ये उत्तर द्यायचं, हे तीस वर्षं चाललंय. ताप उतरला का रे? परवाइल्लै. गणितात कमी पडले? परवाइल्लै. आईला बघायला येतोस? परवाइल्लै. म्हणजे असू दे, चालतंय, एवढं काय त्यात.
कनका म्हणाली, परत लावून नीट विचारा. म्हटलं, कान शाबूत आहेत माझे.
मी रुसलेलो नाही. लिहून ठेवतो.

८ मे
लाटांच्या तलावात वेष्टी, म्हणजे आमची लुंगी, चालत नाही. भाड्याचा नायलॉनचा कॉस्च्यूम घ्यावा लागला, जांभळा. कनका इतकी हसली की शेजारची माणसं बघायला लागली. खिशात फोन होता. लाट आली. फोन गेला, आमच्या दोघांतला एकुलता.
बरं झालं. सुट्टीत फोन हवा कशाला? नंबर मला पाठ नाही. पूर्वी वीस-वीस पाठ असायचे. विजयचा नंबर घरी देवघरातल्या वहीत आहे. कनका म्हणाली, ऑटोने जाऊन वही आणू या ना. म्हटलं, उद्या हॉटेल बदलायचंय, बॅग भर.
खिशातल्या तीन पट्ट्याही भिजल्या. बाल्कनीत वाळत घातल्यात.

९ मे, सकाळी ११
चेक-आउट. विद्यालक्ष्मीने विचारलं, कुणी आलं तर कुठे पाठवू, सर? सर्प्राइज कशाला फोडा? शिवाय येणार कोण? म्हटलं, "परवाइल्लै, अम्मा."
कनकाने तोंड फिरवलं.

९ मे, दुपारी ४
रिसॉर्ट फर्स्ट क्लास. खोलीतून थेट समुद्र. कनका जेवली नाही. संध्याकाळी एअरपोर्टला जाऊ म्हणते. विजयनेच गेल्या आठवड्यात सांगितलंय, येऊ नका, बाहेर ताटकळत उभं राहावं लागतं. मुलाचं ऐकणारा बाप आहे मी.

१० मे, पहाटे ५.१०
वाळूत बसलोय. एक विमान गेलं, हात हलवला. कनका म्हणाली, अहो, ते येणारं होतं. दुसरं गेलं, हलवला. तिसऱ्याला दोघांनी हलवला.

१० मे, सकाळी
आजपासून रोज एक तास इंग्लिश. व्हिडिओ कॉलवर जननीशी बोलताना अडायला नको. नवा फोन घेतला की सुरू.
कनकाचा चष्मा पहिल्या हॉटेलात राहिलाय. उद्या जाताना घेऊ.

११ मे, मैलापूर
चष्मा मिळाला.
विद्यालक्ष्मी म्हणाली, सर, त्या दिवशी तुम्ही निघालात आणि अर्ध्या तासात तुमचा मुलगा आला, छोटीला घेऊन. दोन तास सोफ्यावर बसले होते. सारखा फोन लावत होता. तुम्ही कुठे गेलात, ते आम्हाला कुठे ठाऊक? शेवटी उठताना म्हणाला, मी त्यांना सांगितलं होतं, परवा येतो म्हणून. मराठीत सांगितलं होतं.
छोटीने चिठ्ठी ठेवलीय. तमिळ अक्षरं, पण मराठी. बापाने सोफ्यावर बसून सांगितलं असणार. तमिळमध्ये 'ब' वेगळा लिहिता येत नाही, म्हणून वाचताना 'आजोपा' होतं.
"आजोपा, आम्ही आलो."
कनकाने नवा चष्मा असल्यासारखं चार वेळा ती वाचली. मग घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली.
तीस वर्षांत पोरगा एकदा मराठी बोलला.
विजय परवा आला होता.