पुडीतली लाली

सुरत, दिवाळीआधीचा मंगळवार, १९९६

गालांचा रंग निघतच नाही! साबण झाला, खोबरेल झालं, गाल तसेच गुलाबी.

सकाळी ह्यांच्या शर्टाच्या खिशात गुलाबी भुकटीची पुडी सापडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी टिकलीचं पाकीट आणलं नाही, आणि एकदम लाली? मी हरखलेच. माझी सुटी पावडर नेहमी सांडते. म्हणून पार्लरवाल्या बेनने सांगितलं होतं तसं, पावडरीत ही चिमूटभर लाली मिसळली, स्पिरिटचे थेंब घातले, जुन्या डबीत भरून वर रुमाल ठेवला आणि वाटीने दाबली. वडी सुरेख बसली. रुमाल मात्र लालभडक. तेव्हाच कळायला नको होतं का मला? संध्याकाळी गालांना लावली, घाम आला आणि गाल पेटलेच!

हे पलसाण्याच्या साड्यांच्या मिलमधून आले ते बघतच राहिले. "अवं, हाऊ मिलना रंग शे, साड्यासना!" मिलमधल्या रंगाच्या नमुन्याची पुडी खिशात राहिली होती म्हणे.

साड्यांचा रंग. रुमाल तीनदा धुतला, तसाच आहे.

उद्या नळावर बायका विचारतीलच, लाली कुठली गं?

सांगेन, ह्यांनी आणली.