सुळा काढायच्या आधी

लासुर्णे,
आठ तारीख

प्रिय करुणा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या रोहिणीकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. तुझा जुना नंबर सहा वर्षं लागत नाही, आणि बुद्धघोष भाऊजींकडून तुझा नाशिकचा पत्ता काढताना माझ्या नाकी नऊ आले. तुझा हा चुलतभाऊ एरवी गावभर बातम्या पेरत फिरतो, पण तुझं नाव निघालं की मुका होतो. एवढी कसली गं शपथ घातलीस त्याला? ती मोडली म्हणून त्याच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चिड. वहिनीवर चिडायचा नणंदेला हक्कच असतो.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. बारामती एमआयडीसीत शिलाईच्या कारखान्यात जाते. स्कूटी शिकले, शिकताना दोनदा उसात घातली. संदेश असता तर हसून लोळला असता. पण या आठवड्यात माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल शर्टाला कॉलर उलटी लावली, सुपरवायझर बोलला, आणि मी त्याला उलट बोलले. आत्ताही जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून लिहितेय. चार ओळी झाल्या की उठते, गेटपर्यंत जाते, परत येते. एका जागी बसवतच नाही.

आडून आडून सांगणं मला जमत नाही. तुझ्या आईला, म्हणजे माझ्या आत्याबाईंना, तोंडाचा कॅन्सर झालाय. घाबरू नकोस म्हणणार होते, पण मी स्वतःच घाबरलेय. वरच्या हिरडीला आहे, उजव्या सुळ्याच्या वर, मिश्री दाबून धरायच्या तिथंच. डॉक्टर म्हणतात, सुरुवात आहे. सुळा आणि भोवतीची हिरडी काढून टाकली तर निभेल. ऑपरेशनला बारामतीत वीस तारीख मिळालीय. पण त्यांना तिथवर नेता नेता मी अर्धी झाले.

थंडीत त्या भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाय, कीड लागलीया." आणि मला न सांगता एसटीनं बावड्याला गेल्या, माहेरी. तिथं ती सरुबाई आहे ना, रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड काढणारी? तिनं यांच्या तोंडात धूर घातला आणि वाटीभर पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या पडलेल्या दाखवल्या. आत्याबाई खूश! मी म्हटलं, अहो, त्या अळ्या नाहीत, भाजून फुटलेल्या बियांचे कोंब आहेत. तर म्हणाल्या, "तू काय तितं बघाय आलतीस?" वर दुखतंय म्हणून मिश्री आणखी वाढवली. मिश्रीनं दुखतंय म्हटलं की माझ्याकडं अशा बघायच्या, जणू मीच त्यांच्या तोंडचा घास काढून घेतेय.

काल इथवर लिहिलं आणि घंटा झाली. आता घरी लिहितेय, ओट्याशी उभी राहून. आत्याबाई पुढं अंगणात आहेत, मी काय लिहितेय म्हणून दोनदा डोकावून गेल्या.

तर शेवटी उचलूनच दवाखान्यात नेलं. हिरडीचा तुकडा तपासून आला, सुळा काढायचं ठरलं, आणि बाई तिथंच अडून बसल्या. वरचा सुळा म्हणे डोळ्याला धरून असतो. "कुशाबाई मावशीनं काडला, साल भरायच्या आत आंदळी झाली." अगं, कुशाबाईला मोतीबिंदू होता, सगळ्या भावकीला ठाऊक आहे! बिचाऱ्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं, दाताची शीर वेगळी, डोळ्याची वेगळी, हे बोट लावून लावून दाखवलं. यांनी शहाण्यासारखी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पोरगं चांगलं हाय. पर त्येला कुटं व्हती कुशाबाई मावशी?" मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मी दोन्ही केलं.

तुझे आजोबा साहेबराव आबा छप्पन्न साली दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव टोपलीत भरून नीरेत सोडून आले, ही गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हा तूच मला फुशारकीनं सांगितली होतीस. आपल्या घरात अंगारा नाही, उपास नाही, देवऋषी तर दारातूनसुद्धा जात नाही. पण दातांची ही भीती त्या टोपलीत कुणी घातलीच नाही बघ. ती घरातच राहिली, बायकांच्या तोंडात, मिश्रीबरोबर.

आता त्या गोष्टीवर येते. मला टाळायची होती, पण ती टाळून हे पत्र लिहिताच येत नाही. तुझा सुमेध सात महिन्यांचा असताना तू त्याला घेऊन आली होतीस आणि त्याचे वरचे दोन दात आधी दिसले. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "वरचं दात आदी आलं की मामाला जड जातं." त्यांनी संदेशला बजावलं होतं, भाच्याचं तोंड बघू नको. आणि आपला संदेश! त्यानं थेट सुमेधच्या तोंडात बोट घातलं, चावून घेतलं आणि ते बोट घरभर नाचवत फिरला, बघा बघा, भाचा आत्तापासूनच हिस्सा मागतोय म्हणून. दहा दिवसांनी पहाटे ड्युटीवर जाताना त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. दिवा नसलेल्या ट्रॉलीनं माणूस मारला आणि खापर फुटलं दोन दुधाच्या दातांवर. संदेशच्या जलदानविधीच्या दिवशी, भरल्या घरात, भंतेजी अजून चहा पीत होते तेव्हा, तुझी आई तुला म्हणाली, तुझ्या पोराच्या दातांनी माझा लेक खाल्ला. तू पोराला उचललंस आणि चप्पलसुद्धा न घालता निघून गेलीस.

करुणा, नवरा माझा गेला होता. त्या वाक्यावर सगळ्यात आधी विश्वास ठेवायचा हक्क माझा होता, आणि मी तो एक क्षणभरही ठेवला नाही. उलट ते चावलेलं बोट मला आजही आठवतं आणि बरं वाटतं, की जाताना तो हसत होता. हे तुला कधी सांगताच आलं नाही. तुझ्या चपला अजून इथं आहेत. मी दर दिवाळीला त्या पुसून ठेवते, वेडी आहे मी.

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा सकाळी मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला, आज नाही म्हणालात तर मी माहेरी निघून जाईन अशी धमकीही दिली. आत्याबाई मिश्रीची डबी हातात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "ज्या तोंडानं लेकीला बोलले, त्याच तोंडाला लागलंया. लागू दे." म्हणजे आजवर डोळ्याचं कारण सांगत होत्या, पण आत हे होतं. मी खूप चिडले. म्हटलं, तुमच्या तोंडाला मिश्रीनं लागलंय. बोलण्यानं लागायचं असतं तर निम्मं लासुर्णं आडवं पडलं असतं. तशा हसल्या. उठून मिश्रीची डबी चुलीत टाकली आणि म्हणाल्या, "काडा सुळा. डोळा गेला तर गेला. पर त्या आदी एकडाव पोराला बगू दे. सात वर्साचं झालं आसंल न्हवं? त्येचं ते वरचं दात पडलं आसत्याल गं आता." मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही की डोळा जाणार नाही. कितीही सांगितलं तरी त्या वीस तारखेला आंधळं व्हायच्या तयारीनंच त्या टेबलावर झोपणार आहेत, आणि त्याआधी त्यांना जगात एवढंच बघायचंय. माफ करायला येऊ नकोस. ते तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. नुसती सुमेधला घेऊन ये, अठरा तारखेच्या आत. त्याला म्हणावं, आजीपुढं उजेडात उभा राहा आणि मोठ्ठा आ कर.

संदेश नसला तरी तुझीच वहिनी,
ज्योत्स्ना