सरदारीणबाईंचे गुडघे

पिएव्हेलागो,
मंगळवार

तीर्थरूप ओर्तेन्सिया मावशीस एव्हारिस्तोचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघेच का, ते पुढे येईल, आधी सगळं वाच, मग रागाव.) तुझी सांधेदुखी कशी आहे? तोरीनोत लेकीकडे मक्याच्या पिठाचा पोलेंता नीट घोटलेला मिळतो ना? इकडे तळं जागेवर आहे, मासे दोरीवर वाळताहेत, लाज तेवढी मला वाटते आहे.

नगरपालिकेने मला पाहुण्यांना गाव दाखवायला नेमून बिल्ल्याची टोपी दिली, हे तुला कळवलंच होतं. बुरूज, चर्च, बंदर असं दाखवत शेवटी आम्ही तुझ्या धुण्याच्या दगडाशी पोचतो. मे महिन्यात मिलानच्या एका बाईंनी त्यावरच्या दोन खळग्यांत छत्रीचं टोक घालून विचारलं, हे कशाचे? उत्तर सोपं होतं: माझ्या मावशीच्या गुडघ्यांचे, एकतीस वर्षं इथे हॉटेलच्या चादरी धुऊन तिने मला वाढवलं. पण बाईंच्या हातांत रेशमी हातमोजे, माझ्या डोक्यावर टोपी. तोंडातून निघालं, सरदारीण ब्यांकाच्या गुडघ्यांचे! नवरा लढाईला तळ्यापार गेला नि ती रोज इथे प्रार्थनेला बसे. बाईंनी डोळे पुसले. जुलैत मी गोष्टीत वादळ घातलं, ऑगस्टमध्ये नवरा बुडवला. (परत आणला असता, पण बुडाल्यावर बायका जास्त रडतात.)

आता लग्न ठरलेल्या मुली तिथे गुडघे टेकायला येतात. आपले नवे पाद्री, फादर चेलेस्तीनो, परवा म्हणाले, "अरे एव्हारिस्तो, गुडघे टेका म्हणून मी घसा फोडतो तेव्हा बाकावरून कुणी हलत नाही, आणि तुझ्या दगडापुढे रांग!" नगरपालिकेने संगमरवरी पाटी करवली आहे. रविवारी संताची मूर्ती होड्यांतून निघाली की सरदारीणबाईंच्या नावाची ती पाटी फादरच्या हस्ते लागणार.

काल मासे वाळवणाऱ्या म्हाताऱ्या पिनाने सगळ्या पाहुण्यांदेखत मला विचारलं, "काय रे, ती सरदारीण साबण कुठला वापरायची?" मी हसलो. घरी आल्यावर मात्र टोपी काढवेना, आरशात बघवेना. मावशी, खोटं बोललो त्याची लाज थोडी आहे. तुझं नाव सांगायची लाज वाटली, त्या लाजेने मेल्यासारखं झालंय.

तुझा,
एव्हारिस्तो

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण, रविवारी सणाला येऊ नकोस. बस बंद आहे.

ता. क. दुसरा : बस चालू आहे. आत्ताच फादरना सगळं सांगून आलो. ते म्हणाले, "ही तुझी नवी गोष्ट का? पुरावा आण." पाथरवट पाटी उलटी करून मागच्या बाजूला तुझं नाव कोरायला तयार आहे, फक्त फादरनी हो म्हणायला हवं. तेव्हा रविवारी ये, आणि सगळ्यांसमोर एकदा त्या खळग्यांत गुडघे टेकून बस, हाच पुरावा. दुखेल, ठाऊक आहे. उठताना मी हात देईन. टोपी घरी ठेवून येतो.