आठ दिवसांची मुदत

कागल, ४ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास, वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगणं जमलं नाही, म्हणून लिहिते. काल कोल्हापूरला नर्सनं तुला वजन करायला बाहेर नेलं, तेव्हा मी डॉक्टरबाईंना सांगितलं की गळ्यातल्या गाठीच्या ऑपरेशनात आवाज जाऊ शकतो हे आत्याला कळू देऊ नका. ती माघारी जाईल, सही मी करते. त्या म्हणाल्या, पेशंट शुद्धीवर आहे, समजूतदार आहे. कायद्यानं संमती तिचीच लागते, आणि माहिती न देता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. मग तुला आत बोलावून त्यांनी सगळं सांगितलं: गाठ श्वासनलिकेवर दाबतेय, आवाजाची नस तिला लागून आहे, आवाज काही आठवडे बसेल, क्वचित कायमचा, आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल तेही. तू आठ दिवसांची मुदत मागितलीस.

कारखान्यात तपासणीच्या सहीशिवाय मी एक बेअरिंगही पुढे सोडत नाही. तुझ्या बाबतीत मात्र माझी सही चालेल असं मला वाटलं. चूक माझी आहे. मुदत संपल्यावर नाही म्हणू नकोस.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
वर्षाराणी

मलकापूर, ८ फेब्रुवारी

चि. वर्षास, बयाआत्याचे अ. उ. आशीर्वाद.

तू काहीतरी लपवतीयास हे मला गाडीतच कळलं हुतं. तुझ्या बापाचं बी असंच, लपवायचं असलं की कान लाल. घाबरून न्हाय गं मुदत मागितली. चंद्री म्हस माझ्या हाकेबिगर पान्हा सोडत न्हाय, तुला ठाव हाय की. म्हणून सुनंला, संयोगिताला, माझं जुनं लुगडं नेसवून धारंला बसवलीया. हाक तिनं मारायची, मी नुसती शेजारी उभी. पैल्या दिवशी लाथंनं चरवी उलथली. सूनबाई म्हणती, म्हस बी सासूच्याच वळणावर गेलीया. आज अर्धी चरवी भरली.

सोमवारी न्यायला ये. सही मीच करणार, पेन तेवढा तुझा आण.

माया हाय तशीच हाय.

बयाआत्या

मलकापूर, ३ मार्च

चि. वर्षास, अ. उ. आ.

गाठ साधी निघाली, आता आडवं पडलं तरी दम लागत न्हाय. गळ्यातनं नुसती कुजबूज निघती, म्हणून लिहिते. आज गोठ्यात हळूच हाक मारून बघितली. चंद्रीनं मान वळवली न्हाय. संयोगितानं मारली, तवा धार लागली. वाईट वाटलं, आणि बरं बी वाटलं. न सांगता कापलं असतं तर त्या म्हशीपुढं उभी राहून मी सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या, पैली तुला.

डॉक्टरबाईंसाठी तूप धाडलंय, पोचव. उपकार फिटत न्हाईत म्हणून सांग.

येत जा, लिहीत जा.

बयाआत्या

कागल, १० मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तूप पोचवलं. सहा महिन्यांत आवाज सुधारण्याची शक्यता आहे, खात्री नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. त्या दिवशी माझं ऐकलं नाही म्हणून मी त्यांचे आभार मानले. त्या म्हणाल्या, हे कामच आहे.

काल अनोळखी नंबरवरून फोन आला आणि मी कोण बोलतंय म्हणून विचारलं. तू होतीस. तू रागावली नाहीस, हसलीस. हसणं तेवढं मी ओळखलं.

चंद्रीला दिलेस तसे मलाही आठ दिवस दे. रोज संध्याकाळी फोन कर.

तुझीच,
वर्षाराणी