तुर्की मासिकातला काठ

कशेळी
रविवार, दुपार

प्रिय सादिया,

"वाचता न्हाय येत, तर बघता तर येतं ना? बघा मग." तुझे अब्बा हे म्हणाले तेव्हा आपण दोघी तुमच्या नारपोलीच्या कारखान्यात सुताच्या गोणींवर बसलो होतो, आणि आपल्या मांडीवर ते तुर्की मासिक उघडं होतं. आज सकाळपासून चाचांचं ते वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची त्यांना एवढी सवय की वीज गेली तरी त्यांचा आवाज खाली यायचा नाही, आणि साधं बोलले तरी मला वाटायचं, रागावले.

मी पत्र लिहायला बसले म्हणून केसरीनाथ हसतोय. "नारपोली काय तुर्कस्तानान हाय का? जा नि बोल तिच्याशी." नवऱ्याला काय सांगू? या विषयावर बोलायला आले की तू चहा ठेवायला उठतेस, आणि आधीचा चहा अजून समोर वाफाळत असतो. पत्राचं बरं असतं. तू उठून गेलीस तरी ते बसून राहील.

आठवतं, ती मासिकं यायची तेव्हा आपण किती वाट बघायचो? तुझे बडे अब्बा, चाचांचे थोरले भाऊ, जहाजावर स्वयंपाकी. इस्तंबूलला जहाज लागलं की तिथल्या कचेरीतून साहेब लोकांसाठी ती मासिकं यायची, आणि वाचून झाली की बडे अब्बा गोळा करून ठेवायचे. रजेवर येताना चॉकलेटांच्या पिशवीखाली तो गठ्ठा असायचा. सगळं मासिक त्या एकाच देशाबद्दल: तिथली जुनी चित्रं, राजवाडे, निळ्या फरशा, गालिचे, भांडी. चाचा आधी कापडांची पानं बघायचे, त्यांना काठ हवे असायचे. आपल्याला मात्र सगळंच हवं असायचं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण वाक्याचा पत्ता लागायचा नाही. मधूनच 'किताप' सापडायचं, 'दुन्या' सापडायचं, आणि एकदा 'सबून' सापडल्यावर तू जी हसत सुटलीस, ती चाचांनी येऊन "लूम बंद करू का तुमच्यासाठी?" असं विचारेपर्यंत. मला तेव्हा वाटायचं, हे लोक आपल्याच कुठल्यातरी नात्यातले आहेत, फक्त ओळख करून द्यायला कुणी नाही.

मग तू चौकटीच्या कागदावर ते काठ काढायला लागलीस. पेन्सिल ओठांत धरून तू मासिकाकडे बघायचीस आणि कागदाकडे न बघताच चौकटी भरत जायचीस. तुझे काठ विणलेले टेबलक्लॉथ कुठे कुठे गेले असतील! आमच्या आईकडे अजून एक आहे. ती त्यावर पापड वाळवते. रागावू नकोस, धुऊन ठेवते नीट.

जुबैदाच्या लग्नाचं सांगायला मी मुद्दाम वेळ लावतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तुमच्या घरची रीत होती, लेकीच्या निकाहची ओढणी घरच्या लूमवरच विणायची. तुझी विणली गेली होती, आता धाकट्या बहिणीची पाळी. जुबैदा आपल्या पाठीमागे उभी राहून पानं उलटायला लावत होती. "आपा, हे नको, हे म्हातारं दिसतं. हे नको, हे पडद्याला बरं." आणि मग ते पान आलं. पानभर एकच फोटो, पांढऱ्या दगडात कोरलेला गुलाबाचा देठ आणि त्यावर तीन फुलं. पानावर एकही अक्षर नव्हतं. कुठल्यातरी बागेची भिंत असेल, असं आपण तिघींनी ठरवून टाकलं. जुबैदा म्हणाली, "बस, हेच." तीन फुलं त्या लूमवर बसेनात. काठाला तेवढी जागाच नव्हती, म्हणून तू एक फूल ठेवलंस. ओढणी अंगावर घेऊन ती कारखान्यातल्या मागांमधून चालून आली तेव्हा माग चालवणारे लोकही हात थांबवून बघत राहिले.

पुढचं मी लिहीत नाही. तुलाही माहीत आहे, मलाही. वर्षाच्या आत बाळंतपणात ती गेली, आणि तिची मिस्बाह तुझ्या हातात आली. दुःखाला भेटायला आलेल्या बडे अब्बांनी दोरीवर वाळणारी ती ओढणी बघितली आणि त्या भल्या माणसाने सहज विचारलं, "हे कबरीवरचं फूल कशाला विणलंत? तिकडे बायकांच्या कबरींना असे दगड असतात." त्या दिवसानंतर तू पेन्सिल धरली नाहीस. आम्ही सगळ्यांनी तुला समजावलं, चाचांनी तर किती वेळा. तू मिस्बाहला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचीस.

चाचांनी तो सगळा गठ्ठा माझ्याकडे दिला, हे तुला ठाऊक आहे. देताना काय म्हणाले, ते मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "तिच्या नजरेसमोर नको. पण फेकू नको हां, मागेल ती कधीतरी."

तू मागितली नाहीस. मागितली मिस्बाहने. गोदामाच्या ऑफिसात लागल्यापासून ती दुपारी जेवायला आमच्याकडे येते, आणि तिला कपाटं उघडायची सवय आहे, हे तुझंच वळण. गेल्या आठवड्यात ती मासिकं घेऊन बसली. आजकाल फोन पानावर धरला की मराठी होऊन येतं. काय ते मराठी! 'सुलतान महोदय यांनी स्नान उघडले' वाचून ती आणि मी जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसलो. मग तिने तो फोटो उलटला आणि त्याच्या मागच्या पानावर फोन धरला. ते पान आपण कधी बघितलंच नव्हतं गं. त्यावर चित्र नव्हतं ना.

तिथे लिहिलंय, की बाईच्या कबरीच्या दगडावर जी फुलं कोरतात ती तिच्या मुलांची, असं तिकडे मानतात. तीन मुलं असली तर तीन फुलं. म्हणजे ते फूल मरणाचं नाही, सादिया. बाई मागे कोणाला ठेवून गेली, त्याचं आहे.

मिस्बाहचा घास हातातच राहिला. ती ओढणी तिने एकदाच बघितली आहे, तू पेटी आवरत असताना. मला म्हणाली, "मावशी, अम्मीच्या ओढणीवर एकच फूल आहे ना? ते मग मी."

मी तिला खरं कारण सांगितलं, काठाला जागा नव्हती म्हणून. मला असल्या योगायोगांत काही शोधायला आवडत नाही, तुला तर मुळीच नाही. तीही "हो का," म्हणाली. पण तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. इतकी वर्षं त्या ओढणीबद्दल घरात कोणी बोलत नाही, याचा अर्थ तिने काय लावला असेल? आपल्या येण्याने आई गेली, असाच ना? आणि त्या दुपारी तिला कळलं की आपण त्या ओढणीवर आधीपासून उमललेलो होतो.

आता तिचं लग्न ठरलंय, आणि तू तिला सांगितलंस की घरचे लूम गेले, ओढणी बाजारातून घेऊ. ती तुला "बरं, खालाअम्मी," म्हणाली आणि माझ्याकडे येऊन मनातलं बोलली. तुझ्यासमोर हे बोलायची तिची हिंमत नाही. तुला दुखवेल म्हणून ती मरेपर्यंत बोलणार नाही, हेही तुझंच वळण. म्हणून हे पत्र मी लिहितेय, आणि तीच ते घेऊन येतेय. सोबत ते मासिक आहे. फोटोचं पान तू उघडू नकोस हवं तर. त्याच्या मागचं उघड.

तिला तोच काठ हवाय, पण दोन फुलांचा. फुलं मुलांचीच का, आयांची का नाहीत, असं विचारते. तिच्या दोन आया, म्हणून एका देठावर दोन. नारपोलीत आता कॉम्प्युटरवर चालणारे माग आहेत, दोन काय, दहा फुलं बसतील. कोणीही फोटोवरून काढून देईल. पण तिला ते फूल तुझ्या हातचं हवंय. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. हात बसेल का, डोळे पूर्वीसारखे राहिलेत का, असं काहीतरी म्हणशील आणि चहा ठेवायला उठशील. तरी विचारते. चौकटीचा कागद मासिकात घडी करून ठेवलाय. एका देठावर दुसरं फूल, तुझं, काढून देशील?

तुझीच,
माधवी