उरण नाक्याचा जॅब

पुणे,
रविवार, ९ सप्टेंबर २०१२

ती. गंगाआत्यास,
समृद्धीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तुला वाटेल, पोरीचा फोन मेला की काय. मेला नाही, कपाटात कोंडलाय. आमच्या बॉक्सिंगच्या वसतिगृहात फोन फक्त रविवारी दहा मिनिटं मिळतो, आणि ती दहाही मिनिटं आई रडण्यात संपवते. म्हणून तुला लिहितेय. तू निदान रडणार नाहीस, शिव्या देशील.

आधी तुझ्या सुक्या बोंबलांची बातमी. पिशवी उघडली आणि तिन्ही मजल्यांवर खिडक्या उघडल्या. रेक्टरबाई नाकाला पदर लावून आल्या आणि पिशवी जप्त करून गेल्या. आता खोलीतल्या मुली मला लांबूनच नमस्कार करतात.

आता माझं. तीन महिने झाले, रोज पाच तास मी एकच गोष्ट शिकतेय, डावा हात सरळ पुढे करून परत आणणं. याला जॅब म्हणतात. एवढ्यासाठी सरकार मला दूध, अंडी आणि केळी देतं. आणि एवढंही मला जमत नाही. माझा ठोसा एक तर चार बोटं अलीकडे पडतो, नाही तर समोरची निघून गेल्यावर पोचतो. आमच्या वसुंधरा मॅडम परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या की, समृद्धीचा जॅब यायच्या आधी त्याचं पत्र येतं.

हसून झालं असेल तर पुढे वाच. अठ्ठेचाळीस किलोत आम्ही दोघी आहोत, मी आणि उरणकडची निशा. पुढच्या वर्षी जागा एकच. नऊ डिसेंबरला आमची दोघींची लढत आहे, जिंकेल ती राहणार, हरेल ती घरी जाणार. निशा माझ्याच खोलीत राहते, माझ्याच बादलीने आंघोळ करते आणि सरावात रोज मला मारते. स्वभावाने मात्र फार गोड आहे, त्याचा जास्त राग येतो.

मला घरी यायचं नाहीये आत्या. तुला वाईट वाटेल, तरी लिहिते. मासळीबाजारात तुझ्या शेजारी बसायचा माझा पाट तू राखून ठेवला आहेस, हे आई दर रविवारी सांगते.

लोभ आहेच, या पत्राने तो आटू नये.
तुझी समृद्धी


पनवेल,
१८ सप्टेंबर २०१२

चि. समृद्धीस,
गंगाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उद्या गणपती, बाजार थंड, म्हणून लिहायला सवड हाय. नायतर तुमच्यासारखे दूध-केळी खाऊन हात पुढंमागं करणारे आमी नाय.

सरकारने मला विचारायचं होतं. अठ्ठावीस वर्षं मी इथं पनवेलच्या उरण नाक्यावर मासे विकता विकता तेच करते हाय, तेही फुकट. पापलेट घ्यायला येणारा प्रत्येक शहाणा आदी बोट पुढं करतो. मासा दाबून बगणार, कल्ला उचकटून बगणार, जसा काय ह्यानेच पकडून आणला. ते बोट माशाला लागायच्या आदी माझा टिचका त्याच्या हातावर बसतो. आजवर एकाचंही बोट पोचलं नाय. विचार कुणालाही. एका मास्तरांना तर मी तीनदा टिचका दिला, आणि ते दर रविवारी तरी येतात.

आता नीट वाच, परत सांगणार नाय. माझ्या ओट्यासमोर पाण्याची पन्हळ हाय, तुला ठाऊक हाय. गिऱ्हाइकाचा पाय पन्हळीच्या पलीकडं असेल तर मी हात हलवत नाय. तो कितीही हात नाचवू दे. त्याचं बोट माशाला पोचायचं नाय आणि माझा हात त्याला पोचायचा नाय, मंग उगाच कशाला खांदा दुखवा? पाय पन्हळीच्या अलीकडं पडला की तो माझा. तू बोटं मोजत बसतेस, म्हणून चार बोटं कमी पडतात. पाय बग.

दुसरं, हाताकडं बगून हात मारू नको. हात खोटं बोलतो. माणूस मासा दाबायला वाकतो तवा आदी त्याचा खांदा खाली येतो. खांदा हलला की मी निघते. आणि तिसरं, हात गेला त्याच्याहून लवकर परत आला पायजे. नायतर तू गिऱ्हाइकाला टिचका मारत बसशील आणि मागून मांजर बोंबील नेईल.

पाटाचं म्हणशील तर तो हाय. मी रोज पुसते. मला मूलबाळ नाय, गुडघे गेले, तरी तुझ्यावर जबरदस्ती नाय. फक्त हरून आलीस तर तोंड पाडून बसू नको, गिऱ्हाईक पळतं.

आणि त्या रेक्टरबाईने बोंबील फेकले असतील तर तिचं भलं होवो. मी तिला शिव्या देणार होते, पण सणाचे दिवस हायत.

तब्येतीला जप, एवढंच मागणं.
तुझी आत्या गंगाबाई


पुणे,
रविवार, ४ नोव्हेंबर २०१२

ती. गंगाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मॅडमनी विचारलं, अंतर एकदम कुठे शिकलीस? मी सांगितलं, उरण नाक्यावर खासगी शिकवणी लावली आहे. त्यांना वाटलं मोठी व्यायामशाळा असेल. त्या आता तुझा फोन नंबर मागत आहेत.

मी खरंच मनात पन्हळ आखून घेतली. निशाचा पुढचा पाय पन्हळीच्या पलीकडे असला की मी गप्प, अलीकडे आला की टिचका. आता माझा हात हवेत पडत नाही. तुझे पाय धुऊन पाणी प्यावंसं वाटतं, पण त्या पाण्यात खवले असतील म्हणून राहू दे.

पण आनंद फार नको. अंतर आलं तर वेळ गेली. गेल्या आठवड्यात मॅडमनी मला डोळे मिटून ठोसे मारायला लावले आणि स्वतः टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांना हाक मारून दाखवलं. माझा प्रत्येक जॅब बरोबर चौथ्या टाळीवर पडतो. एक, दोन, तीन, धाड. निशाला हे केव्हाच कळलं होतं. ती तीनपर्यंत मोजते आणि एक पाऊल मागे घेते. तिला गणितात पस्तीस मार्क होते म्हणे.

हे कुणामुळे ते मी सांगायला नको. बाबांच्या 'काळूराम बेंजो पार्टी, ओवे' हिच्या तालमीत पाळणा बांधला तर पोर दुसरं काय करणार? बाबांचा ढोल ऐकत जेवले, ढोल ऐकत अभ्यास केला, गावातल्या सगळ्या हळदींना नाचले. आता हात चार मोजल्याशिवाय निघतच नाही. मी पाच मोजून पाहिले, साडेतीन मोजून पाहिले. मग पायच अडखळतात.

म्हणून एकच विनंती. लढतीची तारीख बाबांना सांगू नकोस. ते एकटे आले तर डोक्यावर घेईन. पण ते एकटे कधी कुठे गेलेत? पाहुण्यांच्या बारशाला ते टेम्पो भरून वाद्यं घेऊन गेले होते. तिथे ढोल वाजला तर मी संपले आत्या. मला भीती वाटते.

उत्तर लवकर दे, शिव्या कमी घाल.
तुझी समृद्धी


पनवेल,
सोमवार, २६ नोव्हेंबर २०१२

चि. समृद्धीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगू नको म्हणालीस, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. मंग तुझा बाप भाऊबीजेला आला, म्हणाला पोरगी कशी हाय, आणि मी म्हणाले, नऊ तारखेनंतर कळेल. एवढंच बोलले. त्याने लगेच कोणती नऊ, कुठली नऊ करून सगळं काढून घेतलं. पळस्प्याच्या हळदीची त्या दिवसाची सुपारी त्याने परत दिली हाय आणि टेम्पोवाल्याला सांगितलं हाय. बहिणीच्या पोटात काय राहत नाय हे तुला आता कळलं, पुढल्या वेळेस ध्यानात ठेव.

मी त्याला थांबवायला म्हणून तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझ्या ढोलामुळं पोरगी मार खाते, हे सरळ तोंडावर सांगितलं. त्याने ताटातलं चिंबोरं तसंच ठेवलं. आपल्या घरात चिंबोरं ताटात राहिलेलं मी पयल्यांदा बगितलं. मंग म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते:

"ठोका लोकांच्या कानात पडतो तवा माझा हात परत वर गेलेला असतो. पोरीला सांग, आवाजावर मारायचं नसतं. आवाजाच्या आदी निघायचं."

मला त्यातलं काय कळलं नाय. तुला कळलं तर बापाचे उपकार, नाय कळलं तर तो नेहमीसारखाच बडबडला असं समज.

मी येणार नाय. रविवारी ओटा सोडून आलेली मासेवाली कुणी बगितली हाय काय?

आता शेवटचं. तुझा पाट मी परवा गोदूला दिला, कमळाबाईच्या सुनेला. चांगली मुलगी हाय, तोंडाने फटकळ, हिशेबाला पक्की, आणि तिचे पाय गाण्यावर हलत नायत. तवा तू हरलीस तर इथं बसायला जागा नाय, हे पक्कं डोक्यात ठेवून रिंगमधे उतर. नंतर आत्याने सांगितलं नाय म्हणून रडू नको.

देव तुला शक्ती आणि अक्कल देवो. शक्ती नाय दिली तरी चालेल.
तुझी आत्या गंगाबाई


पुणे,
१० डिसेंबर २०१२

ती. गंगाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी काल फोनवरून तुला सांगितलंच असेल. त्यांच्या सांगण्यात मी निशाला उचलून रिंगबाहेर फेकलं असणार, म्हणून खरं काय ते लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. पाट देऊन टाकलास हे चार वेळा वाचलं. मला घरी यायचं नव्हतं, पण म्हणून यायला जागाच उरू नये का? मला तुझा खूप राग आला. अजून आहे.

काल सकाळी हॉलमध्ये शिरताना फाटकाबाहेर आपला टेम्पो दिसला. बाबा, बेंजोवाले जगनकाका आणि सात जण, एकसारख्या गुलाबी सदऱ्यांत. रखवालदाराने आत सोडलं नाही. मला हायसं वाटलं. मग त्यांनी हॉलच्या खिडकीखाली टेम्पो लावला.

पहिली फेरी सुरू झाली आणि बेंजोही सुरू झाला. झालं! एक, दोन, तीन, धाड. निशा आरामात मागे जायची आणि माझा हात परतताना मला एक ठेवून द्यायची. पंचांनी माणूस पाठवला, वाजवणं थांबवा म्हणून. त्या माणसाला बहुतेक त्यांनी नाचायला घेतलं, कारण तो परत आलाच नाही. फेरी संपली तेव्हा मी चार गुणांनी मागे होते. मॅडमनी कपाळाला हात लावला होता. मी तोंडावर पाणी मारलं आणि मनात म्हटलं, बाबा, माझं वाटोळं केलंत.

दुसऱ्या फेरीत तुझी आठवण आली. हाताकडे बघू नको, पाय बघ. मी निशाचा पाय पाहिला आणि मला हसूच आलं आत्या. दातांतला गार्ड पडता पडता राहिला. तिचा पाय ठेक्यावर पडत होता! ती तरी काय करणार? उरणकडची पोरगी, खिडकीत बेंजो, पाय राहतील का जागेवर? ती बिचारी मोजत नव्हती, नाचत होती. ढोल पडला की तिचं पाऊल पन्हळीच्या अलीकडे. दर वेळी. तिला स्वतःला पत्ताही नव्हता.

आणि मग बाबांचं बोलणं कळलं. ढोल ऐकू आल्यावर निघाले तर मला उशीर होणार. ठोका पडायच्या आधी, तिचा खांदा जरासा खाली आला की निघायचं. म्हणजे ती पाऊल टाकत अलीकडे येते तेव्हा हात तिथे पोचलेला. पहिला बसला तेव्हा ती दचकली. दुसरा बसला. तिसऱ्यानंतर तिने मोजायला सुरुवात केली, ओठ हलताना दिसले मला, पण मोजत होती ती माझ्या जुन्या हिशेबाने. तिसरी, शेवटची फेरी संपली तेव्हा दोन गुणांनी मी पुढे होते. फक्त दोन.

मी राहिले आत्या. पुढचं वर्ष माझं.

निशाने रात्री सामान बांधलं. जाताना माझी बादली मला परत दिली आणि म्हणाली, तुमच्या पार्टीचा नंबर दे, माझ्या भावाच्या हळदीला सांगते. मग आम्ही दोघी बाथरूममध्ये जाऊन रडलो. ती चांगली खेळते. मला जिंकल्याचं पूर्ण सुख तिने मिळू दिलं नाही.

बाबा भेटले तेव्हा माझा सुजलेला ओठ बघत राहिले. बोलले एवढंच की, दुसऱ्या फेरीत जगन जरा घाईत होता ना? मी म्हटलं, बाबा, मी ऐकत नव्हते. त्यांना ते फार आवडलं. पाठीवर थाप मारली ती अजून दुखतेय.

रेक्टरबाईंनी आज विचारलं, तुझ्या आत्या पुन्हा ते वाळवलेलं काही पाठवणार आहेत का? जप्त केलेलं संपलं असावं.

राग आहेच, तरी नमस्कार.
तुझी समृद्धी


पनवेल,
सोमवार, १७ डिसेंबर २०१२

चि. समृद्धीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाच्या सांगण्यात तू तिला तीनदा उचललंस. बाजारात आता तो आकडा पाच झाला हाय. मी दुरुस्त केला नाय.

रेक्टरबाईला दोन पिशव्या पाठवते हाय. एक जप्त करायला, एक तुला.

तुझा राग वाचला. आता खरं सांगते, मंग रागाव किंवा नको. गोदूला पाट दिला असं मी लिहिलं ते खोटं होतं. नऊ तारखेला तुझा पाट माझ्या शेजारी रिकामा होता आणि मी त्या दिवशी तो दोनदा पुसला. एकदा सकाळी, एकदा तुझ्या बापाचा फोन यायच्या आदी. तू हरून आली असतीस तर कुठं बसवणार होते तुला, डोक्यावर? पण तुला मागं जागा दिसली असती तर तू पाऊल मागं घेतलं असतंस. मी तुला आईच्या आदीपासून ओळखते.

हरावीस असंही एकदा मनात आलं. देवाला सांगितलं, ऐकू नको.

काल मात्र पाट खरोखर गोदूला दिला. बसली. पोरगी बरी हाय, पण टिचका उशिरा मारते, एका गिऱ्हाइकाने सुरमई दाबून बगितली. शिकेल. दिवसभरात मी तिला तीनदा समृद्धी म्हणून हाक मारली. तिसऱ्यांदा तिने ओ दिली.

आता सुट्टीला येशील तवा गिऱ्हाईक म्हणून ये. पन्हळीच्या पलीकडं उभी राहा, आणि माशाला बोट लावू नको.

तुझी आत्या गंगाबाई