मिठाची फुलं अन् अकोल्याची विहीण

३ मे, रविवार

आमचा अश्विन अन् सून भावना नागपूरहून आले, पोट्टीले सोडलं, चहा पिला, गेले. पोट्टी म्हणजे आमची नात, प्रियदर्शनी. लाडानं पियू. ठरलं असं का एक हप्ता इथं अमरावतीले आमच्यापाशी, मंग तिची मर्जी. इथं रायते नाई त दुसऱ्या आजीकडे अकोल्याले जाते.

दुसरी आजी म्हणजे सुंदराबाई, माही विहीण. बोलाले साखर. पण मले टेन्शन नाई. अकोला म्हणजे भट्टी. मे महिन्यात तिथं कोण जाते? सुट्टीभर पोट्टी इथंच. लिहून ठेवते.

४ मे

पियू दिवसभर मोबाइलवर. बोर होते म्हणे. म्या सांगतलं, आमच्या टायमाले बोर नोतं, काम होतं. म्हणे मंग मले काम दे. लसूण सोलाले देला. दोन पाकळ्या सोलल्या अन् पुन्हा बोर. अकोल्याच्या आजीकडे कधी जाचं, हे दोनदा विचारलं.

वरच्या खोलीत प्रणाली भाड्यानं रायते, राजापेठेत क्लासवर शिकवते. थे म्हणे, काकू, पोरीले ड्रॉइंगचा समर कॅम्प लावा. म्या म्हटलं कायले? चित्र काढाले काय लागते? तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखोला. कागद ओला कराचा, त्याच्यावर पाण्याचा रंग फिरवाचा, ओला असतानीच मीठ भुरकवाचं. मीठ रंग ओढते अन् बारीक बारीक फुलं उमटते.

अर्धा पाह्यला. समजलं. पुढे थे बाई कागद कोणता, मीठ कोणतं, किती थांबाचं, असं ताणून राहिली होती. बंद केला. लोणचं घालणाऱ्या बाईले मीठ शिकवते.

५ मे

सुरू केलं. वहीचं पान घेतलं. बुढ्याच्या दाढीच्या ब्रशानं ओलं केलं. (बुढा म्हणजे आमचे हे.) रंग टाकला, वरून मूठभर बारीक मीठ. पानाचा लगदा झाला. पियू म्हणे, आजी, हे पिठलं आहे.

पहिली पोळी कुत्र्याचीच असते. चूक कागदाची आहे, माही नाई. दाढीचा ब्रश निळा झाला. बुढ्यानं अजून पाह्यला नाई.

६ मे

जाड कागद पायजे. घरात लग्नपत्रिकाइचा ढीग पडला आहे, मागची बाजू कोरी. मीठही खड्याचं घेतलं. गच्चीवर बसलो, उजेड चांगला. पियूनं पत्रिका ओली केली, रंग फिरवला, म्या बरणीचं झाकण उघडलं तवर कागदाचा पापड. मीठ टणटण उड्या मारत खाली. पुन्हा केलं. पुन्हा पापड. पियू म्हणे तू झाकण आधी काहून नाई उघडत? उघडलं. तरी पापड.

हे थंड देशाचं काम दिसते. आपल्या उन्हाले थोडी अक्कल लावा लागते. लावली. उद्या कूलर.

नोंद: पियूनं दिवसभर मोबाइल नाई घेतला. अकोल्याचं नावही नाई.

७ मे

कूलरसमोर बसलो. पहिला कागद उडून टीव्हीमागे गेला. बाकीच्याइवर बटाटे ठेवले. आता कागद वाळेचना. कूलरची हवा ओली, मिठाले घाम सुटला, निळा अन् हिरवा मिळून तलाव झाला. एक चित्र दिवाणावर ठेवलं का वाळन कधीतरी. बुढे आले अन् त्याच्यावरच आडवे झाले. उठले त बनियानच्या पाठीवर आख्खं आभाळ.

पियू इतकी हसली का उचकी लागली. बुढे म्हणे काय झालं वो, काहून हसून राहिल्या दोघी? कोणी सांगतलं नाई. तसेच दूध आणाले गेले. डेअरीवाला म्हणे त्याइले, काका, पाठीवर काय छापून घेतलं?

कला म्हणजे लोकाइले आनंद देणं. त्या हिशोबानं आजचा दिवस यशाचा.

८ मे

कालचे कागद सकाळपर्यंत वाळले. त्याइच्यावरचं मीठ झटकून बरणीत भरलं. चांगलं मीठ फेकाचं कायले? दुपारी वरण हिरवं झालं. बुढे म्हणे हे काय? म्या म्हटलं पालक. म्हणे पालक दिसत नाई. म्या म्हटलं विरघळला. थे मान हलवून भात कालवत होते तवर पियू म्हणे, आजोबा, थे माह्या चित्रातलं मीठ होय. बुढ्यानं ताट सरकवलं अन् चिवडा काढला. घरातच फितुरी.

संध्याकाळी गल्लीतले पोट्टे बोलावले. फुकट वर्ग. पोट्ट्याइनं येतानी कैऱ्या आणल्या. सगळं मीठ कैरीसंगं गेलं. चित्र एकही नाई. पण हजेरी उत्तम. प्रणालीच्या क्लासात इतकी नसन.

९ मे, सकाळी

झालं. जमलं.

गर्मीनं दोघीइलेही लवकर जाग आली. ऊन निघालं नोतं, कूलर बंद होता. पियू म्हणे आता करून पाहू. कागद ना झटकन वाळे, ना पाणी सोडे. मीठ बसलं अन् खड्याखड्याभोवती रंग सरकाले लागला. फुलं. निळ्यावर पांढरी, चांदण्या सांडल्यावानी. म्या मीठ झटकाले हात घातला त पियूनं धरला. म्हणे आजी, वाळू दे, घाई नको करू. मी थांबली. पोळीही मी अशी पाहत बसत नाई.

ताबडतोब फोटो सुंदराबाईले पाठवला. खाली लिहिलं, पियू इथं फार रमली. अकोल्याचा विषय संपला.

९ मे, दुपारी

सुंदराबाईचा फोन. म्हणे मैनाताई, काय सुंदर वो. पण इतक्या पहाटे काहून? म्या सहज सांगतलं, दिवसा जमत नाई, गच्चीवर लवकर वाळते अन् कूलरपाशी वाळतच नाई. थे म्हणे, आमी औंदा हॉलमधी एसी बसवला नं.

पियूनं फोन माह्या हातातून घेतला. एसी पाणी फेकते का? नाई म्हणे. कागद उडवते का? नाई म्हणे. म्या मागून सांगतलं का एसीनं हाडं धरते. कोणी ऐकलं नाई.

माणसानं फोटो पाठवू नये.

१० मे

पाच वाजता पियूले उठवलं. ब्रश हातात घेऊन बसल्या बसल्या झोपली. गालाले पिवळा रंग. डोळे न उघडता म्हणे, आजी, चित्र दिवसा काढाचं असते.

हप्ता भरला. मर्जी विचारली. म्हणे अकोला. तू आवडते, आजोबा आवडते, पण तिथं कागद नीट वाळन. म्या म्हटलं जा, मले काय. शिकवणं पक्कं झालं म्हणूनच पोट्टी पुढच्या शिक्षणाले जाऊन राहिली. बुढे बसनं सोडून आले. येऊन म्हणे हॉल लय थंडा आहे वो. त्याइले कोणी विचारलं नोतं.

घर चुपचाप आहे. बरं आहे. लसूण सोलून झाला.

१२ मे

व्हिडिओ कॉल आला. हॉलभर चित्रं वाळू घातलेली. मोर, तळं, रात्र, सगळ्याइवर मिठाची फुलं, भर दुपारी. मधात सुंदराबाई ब्रश धरून बसलेली. म्हणे मैनाताई, हे त लय सोपं निघालं, आमचं एका झटक्यात जमलं.

पियू म्हणे, आजी, तू ये नं. इथं कोणी घाई करत नाई, कोणी चूक करत नाई. मजाच येत नाई.

सुंदराबाई म्हणे या, आठ दिवसाचे कपडे घेऊनच या. म्या म्हटलं मले टाइम नाई. फोन ठेवल्यावर बुढे माह्याकडे पाहत होते. म्या त्याइले भांडे घासाले लावलं.

१३ मे

अकोल्याले जाऊन राहिली. पोट्टीसाठी नाई. एसीसाठी त मुळीच नाई. कॉलवर दिसलं का सुंदराबाई मीठ फार लवकर टाकते. कोणीतरी जाणत्यानं सांगाले पायजे. दोन दिवसात परत.

बॅगमधी सहा साड्या घातल्या, गोळ्या घातल्या, अन् वरून शाल. बुढे म्हणे, मे महिन्यात, अकोल्याले, शाल?

म्या बॅगची चेन लावली.